एस्सिटालोप्राम चालू असताना झोपेसाठी मेडिकलमधून काय घ्यावं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ३६, दोन महिने झाले एस्सिटालोप्राम (डिप्रेशनवरची गोळी, म्हणजे अँटीडिप्रेसंट) १० मिग्रॅ चालू आहे, गोळी रात्री जेवणानंतर घेता. पहिला महिना झोप मस्त लागायची, मग डॉक्टर म्हणाले आता प्लसवाली नको साधी घ्या, स्ट्रिप बदलली, आणि तेव्हापासून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही आणि सकाळी सहाला डब्यासाठी उठावं तर लागतंच. आई म्हणते अर्धी एव्हिल घे, न्यू जर्सीची बहीण म्हणते १० मिग्रॅच्या मेलाटोनिन गमीज पाठवते, आणि तुम्ही स्वतः अश्वगंधा ऑनलाइन मागवून ठेवलीय. डॉक्टरांची पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे, तोवर चिठ्ठीशिवाय यातलं काय सेफ आहे असं विचारलंय.

मी फार्मासिस्ट आहे, वीसेक वर्षं मेडिकलच्या काउंटरला उभी आहे, हा प्रश्न दर आठवड्याला कुणी ना कुणी हळू आवाजात विचारतंच. यातलं एकच घ्यायचं ठरलं तर मेलाटोनिन, पण १० नाही, दीड मिग्रॅपासून. एव्हिल नको. अश्वगंधा सध्या कपाटात राहू दे. आणि खरं सांगू का, मला वाटतं तुम्हाला यातलं काहीच लागणार नाही, कारण झोप का गेली ते तुमच्या प्रश्नातच लिहिलंय.

ती पहिल्या महिन्यातली 'प्लस' स्ट्रिप अजून घरात असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. एस्सिटालोप्रामच्या खाली बहुतेक क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ लिहिलेलं सापडेल. आपल्याकडे ही जोडगोळी प्रचंड चालते, कारण एस्सिटालोप्रामला असर दाखवायला दोन ते चार आठवडे लागतात, सुरुवातीच्या दिवसांत काहींची घालमेल उलट वाढते, म्हणून तेवढ्यापुरतं शांत ठेवायला सोबत क्लोनाझेपाम देतात. क्लोनाझेपाम म्हणजे अल्प्राझोलामच्याच घराण्यातलं, झोप आणणारं औषध. म्हणजे पहिल्या महिन्यातली ती मस्त झोप त्याची होती, आणि ते बंद झाल्यावर जे होतंय त्याला आम्ही रिबाउंड म्हणतो, थोडे दिवस झोप आधीपेक्षाही वाईट होते. ते शरीरातून सावकाश जातं म्हणून त्रासही लगेच पहिल्या रात्री होत नाही, तीन-चार दिवसांनी सुरू होतो, त्यामुळे माणसाला गोळी बदलल्याचा आणि झोप गेल्याचा संबंध लागतच नाही, उलट वाटतं की साधी गोळी आपल्याला मानवत नाही किंवा डिप्रेशन परत आलं. बरेचदा हे एक-दोन आठवड्यांत, कधी थोडं जास्त दिवसांत आपोआप ओसरतं. नाही ओसरलं तर डॉक्टर क्लोनाझेपाम एकदम न तोडता कमी कमी करत बंद करतात, पण ते त्यांनीच ठरवायचं. जुन्या स्ट्रिपमधली उरलेली प्लस गोळी काढून आजच्या साध्या गोळीबरोबर खाऊ नका, एस्सिटालोप्राम डबल होईल.

दुसरी गोष्ट गोळीची वेळ. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही एकाच जातीची अँटीडिप्रेसंट मंडळी बऱ्याच जणांना जागं ठेवतात, काहींना उलट पेंगही आणतात, ते माणसागणिक बदलतं. ज्यांची झोप उडते त्यांना साधारणपणे सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात. तुम्हाला रात्रीची सांगितली असेल ती बहुतेक प्लसमुळे, क्लोनाझेपामची गुंगी दिवसा नको म्हणून. आता क्लोनाझेपाम गेलं पण वेळ तीच राहिली, हे काउंटरवर मी इतक्यांदा पाहिलंय की प्लसवाली बदलून साधी न्यायला कुणी आलं की मी स्वतःहूनच विचारते, वेळ बदलायला सांगितलीय का. फोनवर डॉक्टरांना एवढंच विचारा की सकाळी घेऊ का. एस्सिटालोप्राम अंगात दिवसभराहून जास्त टिकतं, त्यामुळे वेळ बदलणं फार अवघड नसतं, फक्त बदलायच्या दिवशी रात्रीची पण आणि सकाळची पण असं करायचं नाही. मिर्टाझापिन हे दुसरं अँटीडिप्रेसंट घेणाऱ्यांनी हे वाचून आपली गोळी सकाळी करू नका बरं, ती रात्रीचीच असते, तिच्यातच झोप आहे. आणि बुप्रोपिऑन, हेही अँटीडिप्रेसंटच, दिवसातून दोनदा असेल तर दुसरी संध्याकाळी उशिरा घेऊ नका.

आता एव्हिल. आपल्याकडे अमेरिकेसारखा ओटीसी, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्या औषधांचा, असा कायद्यात वेगळा वर्गच नाही, त्यामुळे 'चिठ्ठीशिवाय मिळतं' आणि 'चिठ्ठीशिवाय घ्यायला सेफ आहे' यांचा आपल्याकडे काही संबंध नाही. ॲलर्जीच्या या जुन्या गोळ्या, म्हणजे एव्हिलमधलं फेनिरामाइन, सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन, खोकल्याच्या सिरपमधलं डायफेनहायड्रामाइन, औषध कायद्याच्या शेड्यूल जी या यादीत येतात, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं अशी सूचना त्यांच्या लेबलवर असायला हवी, पण ती कोण वाचतंय. झोप येते हे खरंय. पण ही झोप म्हणजे ॲलर्जीच्या औषधाचा साइड इफेक्ट, आणि त्याची शरीराला फार लवकर सवय होते, डायफेनहायड्रामाइनवर तर तीन-चार रात्रींतच गुंगी ओसरते असं दिसलंय. मग अर्धीची एक होते, एकीच्या दोन. तोंड कोरडं, पोट साफ नाही, सकाळी डोकं जड, आणि डोकं जड आहे म्हणून दोन कप जास्त चहा, म्हणजे रात्री परत जागरण. अमेरिकन स्लीप मेडिसिनवाल्यांनी २०१७ च्या गाइडलाइनमध्ये जुनाट निद्रानाशासाठी डायफेनहायड्रामाइन वापरू नये असंच सुचवलंय, आणि ६५ च्या पुढच्यांसाठी तर ते टाळायच्या औषधांच्या यादीतच आहे.

तुमच्यासारख्या तरुण आणि बाकी तब्येत ठीक असलेल्या बाईने एखाद्या रात्री अर्धी एव्हिल घेतली तर आकाश कोसळत नाही, हेही सांगून ठेवते, नाहीतर आईशी उगाच भांडाल. पण रोजची नको. आणि अँटीडिप्रेसंट कुठलं आहे यावर सगळा खेळ बदलतो. डायफेनहायड्रामाइन लिव्हरमधलं सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम अडवतं, व्हेनलाफॅक्सिन नावाचं अँटीडिप्रेसंट त्याच वाटेने मोकळं होतं, त्यामुळे दोन्ही एकत्र घेतली की व्हेनलाफॅक्सिन रक्तात वाढू शकतं. एस्सिटालोप्रामच्या बाबतीत काळजी वेगळी आहे, ते डोस वाढेल तसा हृदयाच्या ठोक्याचा एक टप्पा थोडा लांबवतं, ईसीजीवर त्याला क्यूटी म्हणतात. फेनर्गनमधलं प्रोमेथाझिन आणि खाजेसाठी देतात ते हायड्रॉक्सिझिन हीसुद्धा तेच करतात. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, पोटॅशियम कमी असतं, किंवा वय झालंय, त्यांनी ही बेरीज घरी करू नये.

इथे एक किस्सा सांगते. एक काका नेहमी येतात, सत्तरीच्या आसपास, प्रोस्टेटची गोळी माझ्याकडूनच नेतात. एकदा म्हणाले सर्दीची ती झोप आणणारी गोळी द्या, चार दिवस झोप नाही. मी विचारलं मनाची, टेन्शनची, डिप्रेशनची कुठली गोळी चालू आहे का, तर जवळजवळ चिडलेच, मला कशाला असेल म्हणे. मी म्हटलं पाकीट दाखवा बघू. शर्टाच्या खिशातून रबर लावलेल्या स्ट्रिपा काढल्या, त्यात अमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅ. पायाची आग होते म्हणून दिली होती. अमिट्रिप्टिलिन हे जुनं अँटीडिप्रेसंटच, पण आता नसांचं दुखणं, मायग्रेन अशांना कमी डोसमध्ये भरपूर देतात, ड्युलॉक्सेटिनचंही तसंच, डायबेटिसवाल्यांच्या पायासाठी देतात, आणि पेशंटला ते काय आहे याचा पत्ता नसतो. अमिट्रिप्टिलिन स्वतःच लघवी अडवू शकतं, प्रोस्टेट वाढलेलं, त्यावर सर्दीची गोळी टाकली की रात्री तीन वाजता लघवी तुंबून नळी घालायला दवाखान्यात जायची वेळ येते. गोळी दिली नाही, डॉक्टरांना फोन लावून दिला. म्हणून 'मी अँटीडिप्रेसंट घेत नाही' असं म्हणणाऱ्यांनीसुद्धा आपल्या स्ट्रिपांच्या मागचं नाव एकदा वाचावं. काचबिंदू असलेल्यांनाही सर्दीच्या गोळीची हीच सावधगिरी लागू.

खोकल्याच्या सिरपचं वेगळं सांगायला हवं कारण लोक ते झोपेसाठी घेतात, दोन झाकणं मारली की छान झोप लागते म्हणतात. कोरड्या खोकल्याच्या बऱ्याच सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, बाटलीवर नुसतं डीएक्स किंवा डी अशी शेपटी असते. ते सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) वाढवणारं औषध आहे, तुमची गोळीही सेरोटोनिनवरच काम करते. नेमक्या डोसमध्ये दोन दिवस घेतलं तर बहुतेकांना काही होत नाही पण झोपेसाठी म्हणून रोज आणि मापाबाहेर घेतलं तर सेरोटोनिन सिंड्रोमकडे जाऊ शकतं: अंगाला कापरं, दरदरून घाम, जुलाब, पाय आपोआप झटके देणं, प्रचंड अस्वस्थपणा, ताप. असं झालं तर सकाळची वाट न बघता सरळ इमर्जन्सी गाठायची आणि सोबत सगळ्या स्ट्रिपा न्यायच्या. फ्लुओक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिनवाल्यांना हा धोका जास्त, कारण ती औषधं डेक्स्ट्रोमेथॉर्फन बाहेर काढणारं तेच २डी६ एन्झाइम अडवून बसतात. फ्लुओक्सेटिन तर बंद केल्यावरही काही आठवडे अंगात असतं.

तुमच्या बहिणीसाठी आणि तिकडून बॅगेत औषधं भरून आणणाऱ्या सगळ्यांसाठी: झेडझेडझेडक्विल म्हणजे डायफेनहायड्रामाइन, म्हणजे आईच्या एव्हिलचंच भावंड, छान जांभळ्या बाटलीत. युनिसॉमच्या गोळ्यांत डॉक्सिलामाइन, तेही त्याच जातीचं. टायलेनॉल पीएममध्ये पॅरासिटामॉल अधिक डायफेनहायड्रामाइन, ॲडव्हिल पीएममध्ये आयबुप्रोफेन अधिक तेच, आणि आयबुप्रोफेन एस्सिटालोप्रामबरोबर रोज घेतलं तर पोटातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. नायक्विलमध्ये वर सांगितलेलं डेक्स्ट्रोमेथॉर्फनही असतं. पीएम लिहिलंय म्हणजे झोपेचं खास काही वेगळं औषध नाही, फक्त जुनी ॲलर्जीची गोळी मिसळलेली आहे.

मेलाटोनिन. हे झोपेचं औषध असं म्हणण्यापेक्षा शरीराच्या घड्याळाला 'रात्र झाली' असं सांगणारं हार्मोन आहे, माणसाला आडवं पाडायची ताकद त्यात नाही, त्यामुळे रात्री साडेबाराला वैतागून १० मिग्रॅ घेतल्यावर काही झालं नाही म्हणून लोक नाव ठेवतात. अर्धा ते तीन मिग्रॅ, झोपायच्या एक-दोन तास आधी, रोज त्याच वेळी, एक-दोन आठवडे. एवढंच. आपल्याकडे ३ मिग्रॅची साधी गोळी मिळते, तिची अर्धी करून सुरू करा. फायदा छोटाच असतो, वर ज्या २०१७ च्या गाइडलाइनचं सांगितलं तिने जुनाट निद्रानाशासाठी यालाही होकार दिलेला नाही, पण एस्सिटालोप्रामबरोबर त्याची मोठी भानगड माहीत नाही, सवय लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी डोकं फारसं जड राहत नाही. म्हणून या काउंटरवरच्या सामानात माझा कौल त्याला. पहिल्या दोन सकाळी स्कूटर चालवायच्या आधी गुंगी आहे का बघा. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, फिट्सचा त्रास असेल, रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर विचारल्याशिवाय नको.

गमीज मात्र मला आवडत नाहीत. अमेरिकेत २०२३ मध्ये २५ मेलाटोनिन गमी तपासल्या, त्यातल्या २२ च्या लेबलवरचा आकडा चुकीचा निघाला, लेबलवर लिहिलेल्याच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत. त्याआधी २०१७ मध्ये कॅनडात ३१ सप्लिमेंट तपासली तर काहींमध्ये चक्क सेरोटोनिन सापडलं, आता सेरोटोनिनवर काम करणारी गोळी घेणाऱ्याला हे नकोच आहे. आणि घरात लहान मूल असेल तर ते गोड जेलीसारखं काहीतरी उशाशी ठेवायची गरज काय.

फ्लुव्हॉक्सामिन घेणाऱ्यांनी, ओसीडीसाठी बऱ्याच जणांना असतं, हा भाग नीट वाचा. मेलाटोनिन सीवायपी१ए२ या एन्झाइमने मोडतं आणि फ्लुव्हॉक्सामिन नेमकं तेच बंद पाडतं, त्यामुळे एकत्र घेतल्यावर रक्तात मेलाटोनिनचं एकूण प्रमाण १७ पटीपर्यंत वाढलेलं नोंदलंय, म्हणजे ३ मिग्रॅ घेताना तुम्ही प्रत्यक्षात पन्नासच्या आसपास घेताय. नकोच. आणि कॅफिनही त्याच एन्झाइमने जातं! नेहमी चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायला पाचेक तास लागतात, फ्लुव्हॉक्सामिनवर ते तीस तासांच्या आसपास जातं, म्हणजे आज दुपारची कॉफी उद्या रात्रीही अंगात आहे. अशा माणसाला झोपेची गोळी देण्याआधी चहा मोजायला सांगावा. ॲगोमेलाटिनवाल्यांनी मेलाटोनिन वरून घेण्यात काही अर्थ नाही, ती गोळी त्याच रिसेप्टरवर बसते.

अश्वगंधा म्हणजे जडीबुटी, तिचा कसला साइड इफेक्ट, असं आपल्याकडे धरूनच चालतात. गुंगीवर गुंगी वाढवते, थायरॉइडचे आकडे हलवू शकते, आणि लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तर नकोच. तुम्हाला आधी मूळ कारण शोधायचंय, त्यात अजून एक नवी गोष्ट कशाला घालता, उद्या मळमळ झाली तर कशाने झाली ते कळणार नाही. तगर, जटामांसी असलेल्या झोपेच्या कॅप्सूलनाही माझं हेच उत्तर. खरी लाल रेघ सेंट जॉन्स वर्ट, ५-एचटीपी आणि ट्रिप्टोफॅन या तिघांवर आहे, ही 'नॅचरल मूड अँड स्लीप' अशा नावाने ऑनलाइन सहज मिळतात आणि तिन्ही सेरोटोनिन वाढवतात. अँटीडिप्रेसंटसोबत अजिबात नाही. दुधात चिमूटभर जायफळ उगाळून घेता तर घ्या, पण झोप येत नाही म्हणून अर्धं जायफळ उगाळणारेही भेटलेत, तेवढ्याने धडधड, चक्कर आणि भासही होतात.

'अल्प्राझोलामची एकच द्या ना, ओळखीचे आहात' हे पण होतंच. ते आणि झोल्पिडेम ही झोपेची गोळी कायद्याच्या कडक नियमांच्या शेड्यूल एच१ यादीत आहेत, २०१४ पासून आम्हाला त्याचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव लिहून, तीन वर्षं जपून. पण रजिस्टर राहू द्या बाजूला, क्लोनाझेपाम सुटल्याने गेलेली झोप त्याच्याच भावाकडून उसनी आणली तर सोडवणूक पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्यांच्या डब्यातलीही नको. आणि त्यावर किंवा कशावरही 'थोडी' दारू, हे वेगळं सांगायला नको.

झोप येत नाही म्हणजे नक्की काय होतं तेही बघा. पडल्यावर पायांत वळवळ, पाय हलवले की बरं, पुन्हा वळवळ, असं असेल तर अँटीडिप्रेसंटने ते वाढतं, आणि एव्हिलने तर आणखी वाढतं, अशा बाईने आयर्न आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्यावं, मासिक पाळीत जास्त जात असेल तर नक्कीच. घोरणं आणि मधेच श्वास अडकणं असेल तर झोपेचं काहीच स्वतःहून घेऊ नका. पहाटे तीन-चारला जाग येते आणि मन काळं होतं, तर मूळ आजार अजून पुरता आटोक्यात नाही, डोसचा विचार डॉक्टरांनी करायला हवा. आणि दोन-तीन तास झोपूनही अंगात भलताच उत्साह, भराभर बोलणं, खरेदीचा सपाटा, असं काही असेल तर आजच्या आज डॉक्टरांना कळवा, मूड उलट्या दिशेला चढतोय असू शकतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर तारखेची वाट नाही, टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

गोळीशिवायचं एक सांगते, कंटाळवाणं आहे पण पुरावा त्यालाच सगळ्यात चांगला आहे, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशाला पहिला उपाय म्हणून सीबीटी-आय, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलायची थेरपी, सांगितलाय. त्यातलं तुम्हाला लगेच जमेल असं म्हणजे सहाला उठणं रविवारीही सोडू नका, आणि दोनपर्यंत झोप येतच नाही तर दहाला जाऊन पडू नका, साडेबाराला जा, वीस मिनिटांत नाही लागली तर उठून बाहेरच्या खोलीत बसा, मोबाइल न घेता, झोप आली की परत. चार-पाच दिवस दिवसा हाल होतील, दुपारी आडवं व्हायचा मोह होईल.

आणि तीन आठवडे थांबू नका, कंपाउंडरकडून डॉक्टरांचा व्हॉट्सॲप नंबर घ्या नाहीतर त्यालाच निरोप द्या, एवढाच मजकूर पुरे: "सर, प्लस बंद करून साधी १० सुरू केल्यापासून झोप रात्री दोनला लागते. आधीच्या प्लसमध्ये क्लोनाझेपाम ०.५ होतं, ते एकदम बंद झालं. साधी गोळी मी अजून रात्रीच घेते, सकाळी करू का? मेलाटोनिन दीड मिग्रॅ दोन आठवडे चालेल का? बाकी काही औषध चालू नाही." दोन्ही स्ट्रिपांच्या मागच्या बाजूचे फोटो सोबत टाका. थायरॉइड, बीपी, गर्भनिरोधक गोळी यातलं काही चालू असेल तर शेवटचं वाक्य बदला, बायका ही औषधं 'औषध' म्हणून मोजतच नाहीत.